अमेरिकेच्या विज्ञान सल्लागारपदाच्या उमेदवाराला पाठिंबा देण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पद नेमके कोणते, आणि त्याला सिनेटची मान्यता का लागते?

व्हाइट हाउसमध्ये 'विज्ञान आणि तंत्रज्ञान धोरण कार्यालय' नावाचे एक छोटे पण वजनदार कार्यालय आहे, आणि ते ओएसटीपी या आद्याक्षरांनी ओळखले जाते. त्याच्या संचालकालाच सर्वसाधारणपणे 'राष्ट्राध्यक्षांचे विज्ञान सल्लागार' म्हटले जाते. १९५७ साली सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यानंतर आयझेनहॉवर यांनी जेम्स किलियन यांना पूर्ण वेळचे सल्लागार नेमले, १९६२ मध्ये केनेडींच्या काळात या कामासाठी स्वतंत्र कार्यालय झाले, आणि १९७३ मध्ये निक्सन यांनी ते मोडीत काढले. राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर अवलंबून असलेली व्यवस्था किती सहज नाहीशी होऊ शकते, हे त्यातून दिसले. म्हणून १९७६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला, फोर्ड यांनी त्यावर सही केली, आणि आजचे ओएसटीपी अस्तित्वात आले. त्या कायद्यानुसार संचालकाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, पण सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, संमतीने.

या संमतीचा अर्थ असा की नाव जाहीर होणे आणि पदावर बसणे यांच्यामध्ये एक सार्वजनिक टप्पा असतो. नागरिकांना आणि वैज्ञानिकांना आपले म्हणणे मांडायला जागा मिळते ती याच टप्प्यात.

नाव जाहीर झाल्यापासून मान्यता मिळेपर्यंत काय काय घडते?

प्रथम एफबीआयकडून पार्श्वभूमीची चौकशी होते आणि उमेदवाराला आपली गुंतवणूक व उत्पन्नाचे स्रोत उघड करावे लागतात. मग नामनिर्देशन औपचारिकपणे सिनेटकडे जाते आणि ते वाणिज्य, विज्ञान व वाहतूक समितीकडे सोपवले जाते. समिती खुली सुनावणी घेते, सुनावणीनंतर सदस्य लेखी प्रश्न पाठवतात, त्यांची लेखी उत्तरे यावी लागतात, आणि त्यानंतर समितीत मतदान होते. समितीने पुढे पाठवलेले नाव संपूर्ण सिनेटसमोर येते. तिथे कोणाचाच विरोध नसेल तर ते एकमताने किंवा आवाजी मतदानाने संमत होते, आणि विरोध असेल तर मते मोजली जातात.

यात लेखी प्रश्नांच्या टप्प्याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. सुनावणीत एका सिनेटरच्या वाट्याला काही मिनिटेच येतात, आणि प्रसारमाध्यमांना जे वाक्य चमकदार वाटेल तेच दुसऱ्या दिवशी छापून येते. लेखी उत्तरांत मात्र उमेदवाराला सविस्तर बोलावे लागते आणि ती उत्तरे नोंदीत कायमची राहतात. एखाद्या संशोधकाला आपल्या सिनेटरकडे काही मागायचेच असेल, तर 'हा प्रश्न लेखी विचारा' ही मागणी मला सर्वांत उपयोगी वाटते.

हे पद काही काळ रिकामे राहिले तर खरोखर काय बिघडते?

कार्यालय बंद पडत नाही. प्रभारी व्यक्ती काम पाहते, आणि कधी कधी ते उत्तमही होते. डॉ. अलोंड्रा नेल्सन प्रभारी असतानाच, ऑगस्ट २०२२ मध्ये, सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचे निबंध प्रसिद्ध होताच सर्वांना विनामूल्य वाचता आले पाहिजेत असा निर्देश निघाला. त्याआधी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हाचे संचालक डॉ. जॉन होल्ड्रेन यांनी याच दिशेचे पहिले मोठे पाऊल टाकले होते आणि बारा महिन्यांपर्यंतच्या विलंबाची मुभा ठेवली होती. पुण्यात किंवा नागपुरात पीएच.डी. करणाऱ्या ज्या विद्यार्थिनीच्या विद्यापीठाला महागड्या नियतकालिकांची वर्गणी परवडत नाही, तिच्यापर्यंत या दोन निर्देशांचा परिणाम पोहोचतो. वॉशिंग्टनमधली ही नेमणूक मराठी वाचकाने परकी समजू नये, असे मला वाटते ते अशा गोष्टींमुळे.

तरीही प्रभारी आणि मान्यताप्राप्त यांत फरक आहे. अमेरिकेचे केंद्र सरकार संशोधन आणि विकासावर वर्षाला १५० अब्ज डॉलरहून अधिक खर्च करते, आणि हा पैसा ऊर्जा, संरक्षण, आरोग्य, अवकाश, शेती अशा अनेक विभागांतून वाटला जातो. त्या सर्वांचे प्राधान्यक्रम जुळवण्यासाठी अर्थसंकल्प ठरवणाऱ्यांच्या टेबलावर बसून बोलणारी, राष्ट्राध्यक्षांचा आणि सिनेटचा दोघांचाही विश्वास मिळवून आलेली व्यक्ती लागते. जानेवारी २०१७ पासून २ जानेवारी २०१९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे, या पदावर सिनेटने मान्य केलेले कोणीही नव्हते.

पाठिंबा द्यायचा की नाही, हे कशावरून ठरवावे?

मोठ्या वैज्ञानिकाला पाठिंबा द्यावा, असे उत्तर पटकन सुचते. ते अपुरे आहे. या पदाचे काम प्रयोगशाळेतले नसून सरकारच्या आत विज्ञानाच्या वतीने बोलण्याचे आहे. १९७६ च्या कायद्यात विशिष्ट पदवीची अटही नाही. २०२५ मध्ये ७४ विरुद्ध २५ मतांनी मान्यता मिळालेले मायकेल क्रॅट्सिओस यांचे शिक्षण राज्यशास्त्रातले आहे. विज्ञानात स्वतः संशोधन केलेली व्यक्तीच या जागी असावी, असे माझे मत आहे, कारण प्रयोग फसणे म्हणजे काय, पुरावा अपुरा असणे म्हणजे काय, हे तिने स्वतः भोगलेले असते. पण एवढ्यावर निर्णय करता येणार नाही, हेही मला मान्य आहे.

डॉ. आरती प्रभाकर यांचे उदाहरण पाहावे. त्यांचे नाव जून २०२२ मध्ये पुढे आले तेव्हा त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे खूप होते. टेक्सास टेकमधून विद्युत अभियांत्रिकीची पदवी, १९८४ मध्ये कॅलटेकमधून उपयोजित भौतिकशास्त्रात पीएच.डी. (त्या विषयात कॅलटेकची पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला), १९९३ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी मानके व मोजमापाची राष्ट्रीय संस्था असलेल्या 'निस्ट'चे नेतृत्व, मधली बरीच वर्षे सिलिकॉन व्हॅलीत, आणि २०१२ ते २०१७ या काळात संरक्षण संशोधनाच्या 'डार्पा'चे प्रमुखपद. यातली कोणती गोष्ट पाठिंब्याला खरा आधार देते? माझ्या मते, दोन वेगवेगळ्या स्वभावांच्या सरकारी संस्था त्यांनी चालवल्या होत्या ही. निस्टमध्ये अचूकता आणि सातत्य लागते, डार्पात धोका पत्करून अर्धवट कल्पनांवर पैसा लावावा लागतो, आणि सल्लागाराला या दोन्ही प्रकारच्या संशोधकांची भाषा कळावी लागते. 'त्या फार हुशार आहेत' असे लिहिणाऱ्या शंभर पत्रांपेक्षा हे एक निरीक्षण समितीच्या कर्मचाऱ्यांच्या अधिक उपयोगी पडते. सप्टेंबर २०२२ मध्ये सिनेटने त्यांना ५६ विरुद्ध ४० मतांनी मान्यता दिली, आणि सिनेटच्या मान्यतेने या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

उमेदवार भारतीय वंशाचा असणे हे पाठिंब्याचे पुरेसे कारण आहे का?

नाही. अभिमान वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रभाकर यांचा जन्म दिल्लीचा, लहानपणीच त्या आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेल्या. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान, म्हणजे एनएसएफ, हिचे नेतृत्व डॉ. सुब्रा सुरेश यांनी २०१० पासून आणि डॉ. सेतुरामन पंचनाथन यांनी २०२० पासून केले, आणि या दोघांनाही मान्यता देताना सिनेटमध्ये वाद झाला नाही. पण २०२५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या, म्हणजे एनआयएचच्या, संचालकपदासाठी कोलकात्यात जन्मलेल्या डॉ. जय भट्टाचार्य यांचे नाव आले तेव्हा चित्र वेगळे होते. कोविडकाळातील निर्बंधांविरुद्ध २०२० मध्ये निघालेल्या जाहीरनाम्याचे ते एक कर्ते असल्यामुळे सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात त्यांच्याविषयी तीव्र मतभेद होते, आणि त्यांना ५३ विरुद्ध ४७ अशा पक्षनिहाय मतांनी मान्यता मिळाली. त्यांच्या बाजूने असलेल्यांनी आणि विरोधात असलेल्यांनी आपापली कारणे साथरोगशास्त्रातूनच द्यायला हवी होती. आडनाव पाहून घेतलेली बाजू दोन्हीकडे सारखीच पोकळ ठरली असती.

ज्या राष्ट्राध्यक्षाने हे नाव पुढे केले त्याची धोरणे पटत नसतील, तरी उमेदवाराला पाठिंबा द्यावा का?

हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि त्याचे उत्तर देताना मला २०१८ सालची घटना आठवते. त्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ओक्लाहोमा विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ डॉ. केल्विन ड्रोएगमायर यांचे नाव जाहीर केले. तीव्र वादळांचा अंदाज हा त्यांचा अभ्यासविषय. विद्यापीठात ते संशोधन विभागाचे उपाध्यक्ष होते, आणि एनएसएफवर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान मंडळावर त्यांनी बारा वर्षे काम केले होते, त्यातली शेवटची काही वर्षे उपाध्यक्ष म्हणून. त्या प्रशासनाच्या हवामानविषयक भूमिकेवर बहुसंख्य वैज्ञानिक नाराज होते. तरीही अनेक वैज्ञानिकांनी या निवडीचे उघडपणे स्वागत केले, आणि त्यांत ओबामांचे सल्लागार राहिलेले होल्ड्रेनही होते.

काहींना ते विसंगत वाटले. मला ते योग्य वाटते. पद रिकामे राहण्याने सरकारचे धोरण बदलत नाही, बदलते ते एवढेच की त्या खोलीत पुराव्याची बाजू मांडणारे कोणी उरत नाही. मात्र या युक्तिवादालाही मर्यादा आहे. उमेदवाराने स्वतः प्रस्थापित पुरावा नाकारला असेल, किंवा वैज्ञानिक अहवालात राजकीय हस्तक्षेप झाल्यास आपण काय करू याचे स्पष्ट उत्तर देण्याचे टाळले असेल, तर 'निदान कोणीतरी असू दे' म्हणून पाठिंबा देऊ नये. अशा व्यक्तीची नेमणूक रिकाम्या खुर्चीपेक्षा अधिक नुकसान करते, कारण चुकीच्या निर्णयाला ती विज्ञानाचा शिक्का देते.

उमेदवाराची जुनी वक्तव्ये अडचणीची असतील तर समर्थकांनी काय करावे?

ती लपवू नयेत. होल्ड्रेन यांची सुनावणी १२ फेब्रुवारी २००९ रोजी झाली. तो डार्विन आणि लिंकन या दोघांच्याही जन्माचा द्विशताब्दी दिवस होता, आणि सागरी व वातावरणीय प्रशासनासाठी निवडलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. जेन लुबचेन्को यांची सुनावणीही त्यांच्याबरोबरच झाली. लुइझियानाचे सिनेटर डेव्हिड व्हिटर यांनी होल्ड्रेन यांच्यासमोर त्यांची जुनी भाकिते ठेवली. १९७१ च्या एका लेखात शतक संपण्याआधी मोठे पर्यावरणीय संकट येण्याची जवळजवळ खात्री व्यक्त केली होती, तर १९८० च्या दशकात हवामानबदलामुळे पडणाऱ्या दुष्काळांनी २०२० पर्यंत एक अब्ज माणसे मरू शकतील अशी शक्यता त्यांच्या नावाने नोंदली गेली होती. लोकसंख्येविषयीची त्यांची पूर्वीची मतेही पुढे आली.

हे प्रश्न विचारले गेले हे चांगलेच झाले. त्यांना 'विज्ञानविरोधी हल्ला' म्हणणारे समर्थक त्या वेळी होते आणि आजही असतात, पण मला ती भूमिका मान्य नाही. वैज्ञानिकाची भाकिते तपासणे हे विज्ञानाला धरूनच आहे. समर्थकाने सांगायचे ते असे की या माणसाने त्यानंतरच्या काळात काय केले. होल्ड्रेन यांचे शिक्षण प्लाझ्मा भौतिकशास्त्रातले, बर्कलीत त्यांनी १९७३ मध्ये ऊर्जा आणि संसाधनांचा आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम उभा केला, अण्वस्त्रनियंत्रणावर दीर्घकाळ काम केले, आणि १९९५ मध्ये पगवॉश परिषदेला, म्हणजे अण्वस्त्रांच्या धोक्याविरुद्ध काम करणाऱ्या वैज्ञानिकांच्या संस्थेला, शांततेचे नोबेल मिळाले तेव्हा संस्थेच्या वतीने भाषण त्यांनी केले. चार दशकांच्या कामातली तीन विधाने आणि उरलेले काम यांचे माप सिनेटने घ्यावे, आणि समर्थकाने त्यासाठी दोन्ही गोष्टी समोर ठेवाव्यात.

उमेदवाराच्या वागणुकीविषयी सहकाऱ्यांच्या तक्रारी असतील तर?

तर थांबावे आणि ऐकावे. डॉ. एरिक लँडर हे मानवी जनुकसंच प्रकल्पातले अग्रणी, आणि २०२१ मध्ये बायडेन यांनी हे पद प्रथमच मंत्रिमंडळाच्या दर्जाला नेऊन त्यांचे नाव पुढे केले. त्यांच्या वैज्ञानिक योग्यतेविषयी शंका नव्हती. पण नाव जाहीर होताच वैज्ञानिक महिलांच्या एका संघटनेने जाहीरपणे असमाधान व्यक्त केले होते, आणि सुनावणीतही काही अवघड प्रश्न निघाले. मे २०२१ मध्ये आवाजी मतदानाने त्यांना मान्यता मिळाली. पुढच्या फेब्रुवारीत, कनिष्ठ सहकाऱ्यांशी त्यांचे वर्तन अपमानकारक असल्याचे व्हाइट हाउसच्याच चौकशीत आढळल्याचे बाहेर आले आणि त्यांनी राजीनामा दिला.

वैज्ञानिक समाजात मोठ्या माणसाविषयी बोलताना आवाज खाली जातो, शिफारसपत्रे जपून लिहिली जातात, आणि ज्यांना त्रास झालेला असतो त्यांचे भवितव्य त्याच माणसाच्या एका शब्दावर अवलंबून असते. म्हणून पाठिंब्याच्या पत्रावर सही करण्याआधी त्या उमेदवाराच्या हाताखाली काम केलेल्या दोन-चार व्यक्तींशी, विशेषतः तरुण संशोधकांशी, बोलावे, असा माझा आग्रह आहे. समवयस्क प्राध्यापकांचे मत तेवढे उपयोगाचे नसते.

पाठिंब्याच्या पत्रात काय लिहावे?

एक पान पुरे. आपण कोण, उमेदवाराचे काम आपल्याला कोणत्या नात्याने माहीत आहे, त्या कामातली एक-दोन ठोस उदाहरणे, आणि या पदाशी त्यांचा संबंध, एवढे असावे. आपण उमेदवाराचे विद्यार्थी, सहलेखक किंवा अनुदानाचे लाभार्थी असाल तर ते पहिल्याच परिच्छेदात सांगावे. ज्या मुद्द्यावर आपला मतभेद आहे तो एका वाक्यात नोंदवला तर उरलेल्या पत्राची विश्वासार्हता वाढते. पत्र आपल्या राज्याच्या दोन्ही सिनेटरना पाठवावे, आणि त्यांपैकी कोणी वाणिज्य समितीवर असेल तर पत्राच्या सुरुवातीलाच तसा उल्लेख करावा. हजार सह्यांचे सामाईक निवेदन बातमीपुरते ठीक असते, पण आपल्याच राज्यातल्या विद्यापीठातून आलेले, स्वतःच्या शब्दांतले पत्र सिनेटरच्या कार्यालयात अधिक गांभीर्याने वाचले जाते.

मी अमेरिकेची नागरिक नाही, किंवा सरकारी अनुदानावर काम करते. मी पत्र लिहू शकते का?

वैयक्तिक नात्याने लिहिता येते. मत देण्याचा अधिकार नसलेले रहिवासीही आपल्या सिनेटरकडे म्हणणे मांडू शकतात. मात्र केंद्र सरकारच्या अनुदानाचा पैसा अशा प्रयत्नांवर खर्च करता येत नाही, आणि सरकारी प्रयोगशाळेतल्या नोकरीत असाल तर कार्यालयाचा वेळ, ईमेल आणि शीर्षपत्र यांपासून हे काम पूर्णपणे वेगळे ठेवावे.

आमच्या महाराष्ट्र मंडळाने संस्था म्हणून पाठिंबा जाहीर करावा का?

अमेरिकेतली बहुतेक मंडळे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असतात. अशा संस्थांना निवडणुकीतल्या उमेदवाराला पाठिंबा देण्याची पूर्ण बंदी आहे. नेमणुकीच्या पदाचे तसे नाही: सिनेटची मान्यता मिळवण्यासाठी केलेला प्रयत्न कायदेमंडळावर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न मानला जातो, आणि त्याला मर्यादित प्रमाणात परवानगी असते. कायद्याने चालत असले तरी, माझा सल्ला असा की मंडळाने ठराव करण्याऐवजी आपल्या सभासदांतील संशोधकांना, अभियंत्यांना आणि डॉक्टरांना प्रक्रिया समजावून सांगणारी एक सभा घ्यावी आणि पत्रे ज्याची त्याला लिहू द्यावीत.

सर्व काही सुरळीत असूनही नामनिर्देशन अडकते, ते का?

बऱ्याचदा कारण उमेदवाराशी संबंधित नसतेच. सिनेटमध्ये एकमताने काम पुढे नेण्याची प्रथा असल्यामुळे एकटा सदस्यही संमती रोखून नाव अडवू शकतो. होल्ड्रेन आणि लुबचेन्को यांची नावे २००९ मध्ये अशीच अडकली, आणि त्यामागे न्यू जर्सीच्या रॉबर्ट मेनेंडेझ यांची क्यूबाविषयक धोरणावरची नाराजी असल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. वैज्ञानिकांनी आणि संस्थांनी या विलंबाविरुद्ध आवाज उठवला, आणि १९ मार्च २००९ रोजी दोघांनाही एकमताने मान्यता मिळाली.

दुसरा धोका कालगणनेचा आहे. काँग्रेसची मुदत संपली की न निकाली निघालेली नामनिर्देशने राष्ट्राध्यक्षांकडे परत जातात आणि सर्व प्रक्रिया पुन्हा करावी लागते. ड्रोएगमायर यांची सुनावणी ऑगस्ट २०१८ मध्ये झाली, सप्टेंबरमध्ये समितीने नाव पुढे पाठवले, आणि मान्यता मिळाली २ जानेवारी २०१९ रोजी, त्या काँग्रेसची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी. म्हणून समर्थकांनी सुनावणी झाल्यावर काम संपले असे मानू नये. समितीचे मतदान झाल्यानंतरच्या शांत आठवड्यांतच आपल्या सिनेटरला, आणि दोन्ही पक्षांच्या सभागृहनेत्यांना, एकच साधी विनंती करावी: हे नाव मतदानाला घ्या.

भारतात अशा नेमणुकीवर नागरिकांना काही बोलता येते का?

भारतात प्रधान वैज्ञानिक सल्लागाराचे पद नोव्हेंबर १९९९ मध्ये निर्माण झाले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम हे पहिले सल्लागार, त्यांच्यानंतर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक राहिलेले डॉ. आर. चिदंबरम २०१८ पर्यंत, मग डॉ. के. विजयराघवन, आणि एप्रिल २०२२ पासून डॉ. अजय कुमार सूद. यांतल्या कोणाचीही संसदेसमोर सुनावणी झाली नाही, कारण तशी तरतूदच नाही. नेमणूक सरकार करते आणि आपल्याला नाव कळते ते आदेश निघाल्यावर. माणसे उत्तम निवडली गेली, हे मी मनापासून मान्य करतो. तरीही ती का निवडली गेली, दुसरी कोणती नावे विचारात होती, आणि येत्या वर्षांत विज्ञानावरच्या खर्चाविषयी त्यांचे म्हणणे काय आहे, हे आधी विचारण्याची सोय असायला हवी, असे मला ठामपणे वाटते. विज्ञान व तंत्रज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामानबदल या विषयांची संसदेची स्थायी समिती आधीपासून आहे. नव्या सल्लागाराने पदभार घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांत या समितीसमोर येऊन खुल्या बैठकीत आपले प्राधान्यक्रम मांडावेत, अशी मागणी आपल्या खासदाराकडे आजही करता येईल.